‘फॉर्टी टॉर्चेस’चा राहिलेला शेवट

दिपेशला कुणी आवडतं गाणं विचारलं, तर तो आधी विचारणाऱ्याचं तोंड बघून घ्यायचा. समोर हळदीची ऑर्डर घेऊन आलेला नवरदेवाचा भाऊ असेल, तर त्याच्या कामाचं काहीतरी सांगून मोकळा व्हायचा. खरं उत्तर द्यायची सोयच नव्हती. मोखाड्याच्या नाक्यावर साउंड सिस्टिम भाड्यानं देणाऱ्या माणसानं अडतीस वर्षांपूर्वीच्या, कुणी नावही न ऐकलेल्या हेवी मेटल कॅसेटचं नाव घेतलं असतं, तर गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात गेलं असतं.

कॅसेटचं नाव ‘फॉर्टी टॉर्चेस’, बँडचं नाव ‘सॉल्टपॅन’. वसईकडची चार पोरं, एकच कॅसेट, सन शहाऐंशी. कव्हरवर कुणाच्या तरी चुलतभावानं काढलेली कवटी होती आणि ती कवटीही हसरी. कोण विकत घेणार? थोड्या प्रती निघाल्या, त्या बऱ्याचशा पोरांच्या नातेवाइकांनीच घेतल्या आणि पुढे त्यांच्यावर लग्नातली गाणी भरून टाकली. पण आत काय होतं! हेवी मेटल म्हणजे पत्रे बडवणं, असं समजणाऱ्यांना धरून बसवावं आणि ही कॅसेट ऐकवावी, असं दिपेशचं ठाम मत होतं. त्यात दोन गिटारी जोडीनं चालत, एक वरच्या सुरात, एक खालच्या, आणि दोघी मिळून असं काही गात की नऊ वर्षं रोज ऐकूनही दिपेशच्या अंगावर काटा यायचा.

नऊ वर्षांपूर्वी ठाण्याला दुरुस्तीच्या दुकानात कामाला असताना एका बेवारस मेमरी कार्डात त्याला ती सापडली होती. त्या कॉपीत एकच खोट होती. शेवटचं गाणं, कॅसेटच्याच नावाचं, साडेपाच मिनिटांवर तुटायचं. दोन्ही गिटारी एक विलक्षण चाल घेऊन चढत चढत जात आणि ऐन चढावर गुल. पुढे काय झालं, हे दिपेशला माहीत नव्हतं. ही कॅसेट आवडणाऱ्यांचा मोबाइलवर एक ग्रुप होता, त्यात जगभरातून मिळून तेवीस माणसं. त्यांतल्याही कुणाला माहीत नव्हतं. नऊ वर्षं हा माणूस एका गाण्याच्या शेवटासाठी झुरत होता. बायको कविता म्हणायची, माझ्यासाठी एवढा झुरला असतास तर देवळात बसवलं असतं तुला.

चैत्रातल्या त्या दुपारी तो आपल्या पाड्यावरच्या देवळासमोर स्पीकर लावत होता. बोहाडा पंधरा दिवसांवर आला होता. बोहाडा म्हणजे सोंगांची जत्रा. गणपतीपासून रावणापर्यंत एकेका सोंगाचा मोठा मुखवटा चढवून, टेंभ्यांच्या उजेडात, संबळ आणि सनईवर नाचायचं. कुठलं सोंग कुठल्या घरानं नाचवायचं, तो मान ठरलेला. प्रत्येक सोंगाची सनईवरची चालही ठरलेली. दिपेशचा बाप ढवळू चाळीस वर्षं ती सनई वाजवत आला होता, मुखवट्यांना दरसाल रंग देणाराही तोच. पोशेऱ्यापासून खोडाळ्यापर्यंत त्याला मान होता आणि त्या मानाचा दिपेशला अभिमान होता.

देवळाच्या अंगणात फागीकाकी सारवत होती. वय पासष्टीचं, कंबर वाकलेली, हात मात्र चपळ. तेवढ्यात फोन वाजला. नाशिकचा नीलेश, त्या तेवीस जणांतला एक. त्याला जुन्या बाजारात मूळ कॅसेट मिळाली होती, अख्खी. त्यानं लिंक पाठवली होती आणि खाली एवढंच लिहिलं होतं: ‘शेवट ऐक आणि मला फोन कर. ती भाषा तुमच्याकडची वाटते.’

स्पीकर लावलेच होते, दिपेशनं फोन त्यांना जोडला आणि शेवटचं गाणं सोडलं. ड्रम घुमले, देवळाच्या कौलांवरची कबुतरं उडाली. पाच मिनिटं झाली, गिटारींनी ती चाल धरली आणि चढायला लागल्या. साडेपाच. तुटलं नाही. आणि पोरानं बापाला रस्ता द्यावा तशा गिटारी बाजूला झाल्या आणि तीच चाल घेऊन सनई आली. खरी सनई. चार सूर वाजले आणि नेट गेलं.

दिपेशनं फोनला शिवी घातली. वळला तर फागीकाकी उभी होती. शेणाचे हात तसेच, आणि चेहऱ्यावर रक्ताचा थेंब नाही.

“ही चाल तू कुठून आणलीस?” तिनं विचारलं.

“कॅसेट हाय काकी, जुनी. वसईच्या पोरांची.”

“ही त्राटिकेची चाल हाय.”

दिपेश हसला. त्राटिकेचं सोंग त्यांच्या बोहाड्यात नव्हतंच. म्हणजे होतं कधीकाळी. त्या राक्षसिणीचा मुखवटा तो जन्मायच्या आधी चोरीला गेला होता आणि पाड्याची रीत अशी, की मुखवटा गावात नसेल तर त्याची चालही वाजवायची नाही. गुणगुणायचीसुद्धा नाही. चाळिशीच्या आतल्या एकाही माणसानं ती ऐकलेली नव्हती. दिपेश नऊ वर्षं ती रोज ऐकत होता आणि त्याला पत्ता नव्हता. हे ध्यानात आलं तेव्हा त्याचं हसू विरलं.

मुखवटा गेला तेव्हा मान फागीच्या नवऱ्याकडे, सोम्याकडे होता. बोहाडा संपल्यावर मुखवटे मोजले, तर सोम्याच्या घरातली त्राटिका नाही. घर उघडं होतं, माणसं मोहाची फुलं वेचायला गेली होती, हे सोम्यानं परोपरीनं सांगितलं. कुणी मानलं नाही. शहरातल्या लोकांना विकला, असं ठरलं. त्याच्या घराचा मान गेला, त्याला बोहाड्यात उभं राहायला बंदी झाली, पोरं त्याच्या पोराला चोराचा म्हणू लागली. सोम्या वीटभट्टीवर जायला लागला तो जातच राहिला आणि नऊ वर्षांपूर्वी तिकडेच वारला. आता पंचांनी त्राटिकेचा नवा मुखवटा करायला घेतला होता. तो कुणाला द्यायचा, ते दुसऱ्या दिवशी सकाळच्या बैठकीत ठरायचं होतं. आपल्या सखाला मिळावा म्हणून फागी महिनाभर घरोघर हात जोडत फिरत होती. चोराच्या घरात पुन्हा मुखवटा कसा द्यायचा, असं पंच तोंडावर म्हणत होते.

“त्यानं चोरला नव्हता,” फागीकाकी म्हणाली. “ज्यानं ही चाल त्या पोरांना दिली, त्यानंच मुखवटा नेला. फुडं ऐक. आपल्यातला मानूस आसंल तर हजेरी देल.”

हजेरी दिपेशला ठाऊक होती. चाल संपली की सनईवाला सनई कपाळाला लावतो आणि देवीला आपलं नाव मोठ्यानं सांगतो, कुणी वाजवलं ते तिला कळायला हवं म्हणून. हजेरी न देता सनई खाली ठेवली तर वाजवणाऱ्याची छाती धरते, असं लहानपणापासून मनावर बिंबवलेलं. ती कुणी टाळत नाही. सरावातही नाही.

“उद्या बैठकीत वाजव,” काकी म्हणाली. “शेवटपर्यंत. माझ्या मान्साचं नाव धुऊन निघंल.” तिनं त्याच्यासमोर हात जोडले, आणि पोराच्या वयाच्या माणसापुढे तिनं हात जोडावेत याची दिपेशला लाज वाटली. वाजवतो, असा त्यानं शब्द दिला.

न तुटता नेट फक्त सूर्यमाळच्या वाटेवरच्या चढावर यायचं. त्यानं बाइक काढली. एका आंब्याखाली उभा राहून हेडफोन कानात घातले, गाणं पूर्ण उतरवून घेतलं आणि साडेपाच मिनिटांपासून सोडलं.

सनई आली. काय वाजवत होता तो माणूस! गिटारी मागे राहिल्या, ड्रम दबकत चालले आणि सनई एकटी त्या चढावर जाऊन उभी राहिली. दिपेशच्या डोळ्यांत पाणी आलं. नऊ वर्षं वाट पाहिल्याचं सार्थक झालं, असं त्याला वाटलं, ते काही खोटं नव्हतं. मग सनई थांबली. लाकडाला काहीतरी लागल्याचा आवाज, एक श्वास, आणि मग तरुण, धाप लागलेला आवाज आला.

“मी ढवळू, लाडक्याचा पोर, पोशेऱ्याचा. आई, वाजवलं तेवढं तुझं, चुकलं तेवढं माझं.”

कुणीतरी इंग्रजीत हसत काहीतरी म्हणालं आणि कॅसेट संपली.

दिपेशनं ते पुन्हा लावलं. पुन्हा लावलं. चौथ्यांदा लावलं तेव्हा तो वाटेवरच्या दगडावर बसला. लाडक्या म्हणजे त्याचा आजा. ढवळू म्हणजे त्याचा बाप. शब्द तेच, जे त्यानं दरसाल बोहाड्यात ऐकले होते, आणि आवाज तोच, फक्त अडतीस वर्षांनी कोवळा. त्याला भलतंच आठवायला लागलं. दर पावसाळ्याआधी बाप फागीकाकीचं घर शाकारून द्यायचा. सोम्या भट्टीवर असताना तिचं शेत नांगरून द्यायचा. सारा पाडा ज्याला वाळीत टाकतो त्याच्या बायकोपोरांना माझा बाप जपतो, असं दिपेश लोकांना छाती फुगवून सांगत आला होता. तो त्या दगडावर किती वेळ बसला कोण जाणे. हात उचलून हेडफोन काढायचंही त्याला सुचलं नाही.

घरी आला तेव्हा बाप ओट्यावर सनईची जिभली तासत बसला होता. दिपेशनं हेडफोन त्याच्या कानांवर ठेवले आणि गाणं सोडलं. बापानं विरोध केला नाही. ऐकताना त्याची बोटं मांडीवर हलत होती, भोकं उघडत होती, बुजवत होती. शेवटी त्याचे ओठ आवाज न करता हजेरीचे शब्द म्हणाले. मग त्यानं हेडफोन स्वतःच काढून ठेवले.

“तू ठाण्याहून आल्यावर पयल्यांदा घरात ही चाल वाजवलीस ना,” तो म्हणाला, “तवाच वळखलं. म्हटलं, आली चाल माग काढत.”

दिपेशला आठवलं. ही कॅसेट लावली की बाप उठून गोठ्यात जायचा. म्हाताऱ्याला गोंगाट सोसत नाही, असं समजून तो बिचारा हेडफोन लावून ऐकायला लागला होता.

“का केलंस बा?”

ढवळूनं सांगितलं. सव्वीस वर्षांचा होता. वसईची पोरं बोहाडा बघायला आली, त्राटिकेची चाल ऐकून येडी झाली. तुझी सनई कॅसेटात घालतो म्हणाली. कव्हरवर मुखवट्याचा फोटो लावू, मुखवटा घेऊन ये. दोन दिवसांचं काम. सोम्याचं घर उघडं होतं. सोम्याला विचारलं असतं तर तो नाही म्हणाला असता, त्राटिका शिवेबाहेर नेत नाहीत. “दोन दिसांत आणून टांगणार व्हतो. त्याला कळलंबी नसतं.” दोन दिवसांचे पाच झाले. परत आला तोवर सोम्या चोर ठरला होता.

“आन् तू गप बसलास.”

“त्या दिशी बसलो. मंग दुसऱ्या दिशी सांगायला लय अवघड झालं. मंग तिसऱ्या दिशी...” त्यानं वाक्य सोडून दिलं. “अडतीस वरसं झाली, पोरा.”

“आन् ती कवटी? कव्हरवर मुखवटा नायच.”

“मना काय ठाव? मी कॅसेट कधी बघितलीच नाय. त्या पोरांनी पाठवली नाय.”

ज्या सनईसाठी दिपेश रडला होता तीच ही सनई, आणि वाजवणारा समोर बसला होता, अन् त्याच्याकडे बघवत नव्हतं. आत कविता भाकरी थापत होती, तिचे हात थांबले होते. तिनं सगळं ऐकलं होतं.

“उद्याच्याला तूच सांग बा,” दिपेश म्हणाला. “मी वाजवायच्या आधी सांग.”

ढवळूनं जिभली बोटांत फिरवली. “सांगतो,” म्हणाला. दिपेशला ते खरं वाटलं, कारण खरं वाटायला हवं होतं.

सकाळी देवळासमोर पाडा जमला. पंच ओट्यावर, बाया एका बाजूला, फागीकाकी पुढे. तिचा सखा तिच्यामागे हाताची घडी घालून उभा होता, चव्वेचाळिशीचा, मान खाली घालायची सवय लागलेला माणूस. ढवळू पंचांच्या शेजारी, त्याच्या नेहमीच्या जागेवर. पंचांपैकी उमेशनं विषय काढला, की नवा मुखवटा कुणाला द्यायचा, आणि चोरी झालेल्या घरात तो देणं बरं दिसेल का. दिपेशनं बापाकडे पाहिलं. बापानं मांडीवरच्या सनईकडे पाहिलं. उमेश बोलून थांबला. दिपेश वाट पाहत राहिला. कुणीतरी खोकलं. बाप बोलला नाही.

त्या थोड्या वेळात दिपेशच्या मनात काय काय आलं ते सांगायला नको. फोन खिशात ठेवता आला असता. नेट नव्हतं, गाणं उतरलंच नाही, एवढं म्हणणं पुरेसं होतं, आणि या डोंगरात त्यावर सगळ्यांनी विश्वास ठेवला असता. फागीकाकी त्याच्याकडे बघत होती. ती वाट बघत होती ती नऊ वर्षांची नव्हती, अडतीस वर्षांची होती.

त्यानं स्पीकर चालू केला.

गिटारी निघाल्या तसे म्हातारे बावरले. चाल चढायला लागली तेव्हा एका म्हाताऱ्यानं कानांवर हात ठेवले. निषिद्ध चाल ती, अडतीस वर्षांनी गावात शिरली होती आणि तीही अशी गरजत. सनई आली तेव्हा सगळे माना वळवून ढवळूकडे बघायला लागले, कारण वाजवण्याची धाटणी लपत नाही. मग हजेरी आली. देवळाच्या भिंतीवर आपटून ती परत आली. स्पीकर चांगल्यातले होते, शब्दन् शब्द ऐकू गेला.

उमेशचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं. बायांमधून एक हुंदका आला, तो कविताचा होता. फागीकाकी रडली नाही, ओरडली नाही. ती नुसती ढवळूकडे बघत होती, ओळख पटत नसल्यासारखी.

“पोरानं वाजवलं ते खरं हाय,” ढवळू म्हणाला. “सोम्याचा दोष नाय. मी नेला व्हता.”

सखा पुढे आला. सहा वर्षांचा होता तेव्हापासून जी मान खाली होती ती त्यानं वर केली होती आणि तसं करताना तो अवघडला होता. तो मारणार, असं दिपेशला वाटलं, आणि त्याला अडवायचं नाही असंही त्यानं ठरवलं. सखानं मारलं नाही. त्यानं विचारलं, “ढवळूकाका, मुखवटा कुठं टाकलास?”

ढवळू उठला आणि चालायला लागला. सगळा पाडा त्याच्यामागे. तो नदीकडे गेला नाही, रानात गेला नाही, सरळ आपल्या घरात शिरला. दिपेश उंबऱ्यात पोचला तेव्हा बाप माळ्यावर चढलेला होता. मागच्या कुडाला लागून नागलीची जुनी कणगी होती, शेणामातीनं लिंपून तोंड बंद केलेली. बापानं कोयत्यानं लिंपण फोडलं, आत हात घातला आणि गोणपाटात बांधलेलं काहीतरी छातीशी धरून खाली उतरला.

ज्या घरात दिपेश जन्मला, ज्या माळ्याखाली तो झोपला, ज्या माळ्याखाली कविताला त्यानं वरात काढून आणलं, त्या माळ्यावर ती होती. दिपेशनं दाराची चौकट धरली. बापानं काल एवढं सांगितलं, पण हे सांगितलं नव्हतं.

अंगणात ढवळूनं गोणपाट सोडलं. त्राटिका बाहेर आली. मोठे वटारलेले डोळे, सुळे, लोंबती लाल जीभ. म्हाताऱ्यांनी हात जोडले. वाळवी नाही, तडा नाही, कागदाच्या लगद्याचा मुखवटा अडतीस वर्षांनी असा कसा राहील, असं कुणीतरी पुटपुटलं.

फागीकाकी पुढे झाली. तिनं जिभेवरून बोट फिरवलं आणि बोट उन्हात धरून पाहिलं. बोटाला लाल रंग लागला होता. तो अजून नीट वाळलाही नव्हता.

आजवर ती त्याला ढवळूभाऊ म्हणत आली होती.

“हिला दरसाल रंग दिलास, ढवळू,” ती म्हणाली. “माझ्या मान्साला येक शब्द दिला नाय.”